दुपारची नंदा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर चुका काढण्यासाठीच वाचते. दार आतून बंद होतं म्हणतात, मग कडी कोणी लावली ते लिहीत नाहीत. भिंतीवर सावली दिसली म्हणतात, पण दिवा कुठल्या बाजूला होता ते सांगत नाहीत. आमचे हे म्हणतात, "तू भुताचंही ऑडिट करशील." करीन. आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ केल्या नव्हत्या, पाळल्या होत्या. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही.

तेव्हा मी जे लिहिते आहे ते भूत होतं, असं माझं म्हणणं नाही. ते काय होतं हे मला माहीत नाही, एवढंच. आणि अजून एक… मला त्याची भीती कधीच वाटली नाही. मला हेवा वाटला. अजून वाटतो.

मी वर्ध्यात एका एजन्सीत सुपरवायझर आहे. मुलं पुण्या-बंगलोरला आणि म्हातारे आईवडील इथे, अशा घरी आम्ही देखभालीसाठी अटेंडंट बायका पाठवतो. मी स्कूटीवर घरोघर फिरते – सिंदी मेघे, बोरगाव मेघे, अधूनमधून सेलू – आणि तपासते. पाठीला जखम होऊ लागली आहे का, गोळ्या वेळेवर गेल्या का, नखं कापली का, बीपी किती. गळ्यात फोटोचं कार्ड असतं. मी डावरी, म्हणून घड्याळ उजव्या हातात.

आमच्याकडे एक नियम आहे, तो मीच घातलेला. ड्युटी बदलताना जाणारी आणि येणारी दोघींनी पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं. जाणारीनं तोंडी सांगायचं – काय खाल्लं, कोणती गोळी झाली, लघवी-संडास झाली का, कोणत्या कुशीवर झोपवलं आहे. येणारीनं ते सगळं परत म्हणून दाखवायचं. पेशंटच्या कानावर पडलं पाहिजे, म्हणजे कोण चाललं आणि आता आपल्याजवळ कोण आहे हे त्यालाही कळतं. याला आम्ही चार्ज देणं म्हणतो. चार्ज दिल्याशिवाय घरातून पाय उचलायचा नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे यानंच माझं डोकं फिरवलं.

माझी आई सिंदी मेघ्यात स्वतःच्या घरात राहायची. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेली बाई. अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि हळूहळू आठवणही उसवत गेली. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तरी मी म्हटलं होतं, चल. तर म्हणाली, "तुह्या माडीवर येऊन काय पाखरं उडवू?" म्हणून तिच्या घरीच अटेंडंट ठेवली – वनिता, सेलूकडची, आमच्याकडची सगळ्यात चांगली बाई. मी रोज संध्याकाळी राउंड संपवून तिथे जात होते. रोज. यात काही कुचराई केली असं कोणी म्हणू शकणार नाही.

पण आई मला ओळखत नव्हती. म्हणजे, ओळखत होती, पण सुपरवायझर म्हणून. मी फाटक उघडलं की आतून आवाज यायचा, "वनिते, तपासवाली आली वं! माहा पदर सरका कर."

मी आत गेले की ती डोळे मिटून शहाण्या मुलीसारखी हात पुढे करायची, बीपीसाठी.

"आई, मी नंदा."

"हाव, हाव. तपास तू."

पहिल्यांदा हसू आलं. मग येईनासं झालं. अशा पेशंटशी वाद घालायचा नाही, हे मीच नव्या मुलींना शिकवते. त्यामुळे गप्प बसायचे. पण घरी आल्यावर भाकरी थापताना मनात एकच असायचं… एकदा तिनं 'नंदे' म्हणून हाक मारावी. बाकी काही नको.

मग एका संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "नंदा येऊन गेली दुपारी."

मी बीपीचा पट्टा तिच्या दंडाला बांधत होते. "हो का? काय करते नंदा?"

"बसते."

"आणि?"

"आन काय? बसते."

मी पावडर लावते, कूस बदलते, नखं कापते, डॉक्टरांना फोन करते, डायपर कुठले चांगले ते चार दुकानांत पाहते. आणि नाव कोणाचं, तर बसणारीचं! तेव्हा मी हे आजारातलं भासणं म्हणून सोडून दिलं. असं होतं. आमच्या एका आजोबांना त्यांची वारलेली म्हैस अंगणात दिसते आणि तिला पाणी पाजलं का म्हणून ते रोज विचारतात.

पुढच्या आठवड्यात आईची वेणी घातलेली दिसली. वनिता तिचा बारीकसा अंबाडा बांधायची, तोही बाजूला, म्हणजे उशीवर टोचत नाही. आज तेल लावून, नीट भांग पाडून वेणी. टोकाला जुन्या साडीच्या काठाची पट्टी.

"वनिता, वेणी काऊन घातली? पाठीखाली येते नं," मी म्हटलं.

वनिता भांडी विसळत होती. तिथूनच म्हणाली, "मले काय माहीत ताई, तुमीच तं घालून गेल्या दुपारी."

"मी?"

"मी मागं कपडे धूत होती. आल्या, बसल्या, गेल्या. च्या मांडू का म्हणलं तं हातानंच नाई म्हणल्या."

त्या दुपारी मी बोरगाव मेघ्यात होते. एका आजींना नवी अटेंडंट पसंत पडत नव्हती आणि त्यांची समजूत घालण्यात माझी अख्खी दुपार गेली होती. तसं मी वनिताला सांगितलं. ती म्हणाली, "अशीन." मोठ्या माणसानं काही विसरलं की लहानांनी जसं म्हणावं, तसं म्हणाली.

मी ती पट्टी हातात धरून पाहिली. डावऱ्या माणसाची गाठ उलटी पडते. शाळेत माझ्या बुटाच्या नाड्या पाहून मुली हसायच्या. ही गाठ तशी होती.

मी ती सोडून टाकली आणि वेणी उकलून अंबाडा बांधला. आई मोकळा हात डोक्याकडे नेऊन चाचपत राहिली.

आता बीपीचं सांगते, कारण तिथे मला पुरावा हवा होता. वनिता दुपारनंतर एकदा बीपी घ्यायची, मी संध्याकाळी. वनिताचा आकडा वरचा एकशे तीसच्या आसपास. माझा एकशे साठ. मी यंत्र बदललं. पट्टा बदलला. एक दिवस वनितालाच माझ्यासमोर घ्यायला लावलं… एकशे बासष्ट. म्हणजे यंत्रात खोट नव्हती. 'नंदा' येऊन गेली की आईचं बीपी उतरत होतं, आणि मी आले की चढत होतं. इतका सरळ आकडा कुणाच्या तोंडावर कुणी फेकू नये.

आणि मग तो चार्जचा दिवस.

मी सेलूला गेले होते. तिथे एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांची लघवीची नळी अडकली होती. डॉक्टर येईपर्यंत मी त्यांच्या उशाशी होते, त्यांच्या बायकोनं मला बळेच पोहे खाऊ घातले. तिथून निघून दुपारी सिंदी मेघ्यात पोचले. आईच्या शेजारी झाडे काकू राहतात. त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. त्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मला स्कूटी लावताना पाहून त्यांचा हात थांबला.

"काऊन वं नंदा? तू तं आत्ताच आत गेली. मांगच्या दारानं निघाली का काय?"

"मी आत्ता येतेय काकू. सेलूहून."

"बरं बाई," म्हणून त्यांनी जुडी बांधली. पण माझ्याकडे बघत होत्या.

पुढचं दार नुसतं ओढलेलं होतं. मागच्या दाराला आतून कडी. हे मी लगेच पाहिलं, माझी सवयच ती. आई एकटी. वनिता कुठेही नाही. आई झोपली होती, उजव्या कुशीवर, पाठीला उशी, दोन पायांच्या मध्ये घडी केलेली चादर, जशी असायला पाहिजे तशी. अंगाखालची चादर बदललेली. आणि वेणी.

मी अंगणात येऊन वनिताला फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचा आवाज चढला.

"ताई, काय बोलून राह्यल्या तुमी? तुमालेच तं चार्ज देऊन आली मी!"

"मला?"

"मंग कोनाले? पोरीच्या शाळेतून फोन आला, तिले चक्कर आली म्हून. मी तुमाले फोन लावतच होती तं तुमी दारातच उभ्या. मी म्हणलं, बरं झालं बाई. पलंगापाशी हुभं राहून चार्ज दिला. वरण-भात खाल्ला, बीपीची गोळी झाली, उजव्या कुशीवर टाकलं. तुमी सगळं परत म्हणून दाखवलं. एक गोष्ट चुकल्या नाई. आजीनंबी ऐकलं, इचारा तिले!"

"वनिता, मी सेलूत होते."

मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. मग हळूच म्हणाली, "तुमच्या गळ्यात कार्ड नव्हतं. हातात घड्याळ नव्हतं. मी म्हणलं, घरी येतानी काढलं अशीन. आन ताई… राग नका मानजा. तुमी मले इचारलं, पोरगी कशी आहे, पैसे आहेत का गाडीभाड्याले. तवाच मले वाटलं, आज ताईले काय झालं?"

मुलगी बरी होती, उपाशी शाळेत गेली होती म्हणून चक्कर आली. वनिताला मी काढलं नाही. काढणार कशी? तिनं नियम पाळला होता.

रात्री यांना सांगितलं. हे आधी हसले. "चांगलं आहे की. फुकटात डबल ड्युटी. तिची हजेरी लावली का?" मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "एकदा डॉक्टरला दाखव. तूच जात असशील आणि विसरत असशील." मला ते पटलं. गेले. तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, थकवा आहे, बाकी काही नाही. आणि मी तेव्हा आईकडे असेन, तर मास्तरांच्या बायकोनं सेलूत पोहे कोणाला खाऊ घातले? पोह्यांत दाणे जास्त झाले होते का म्हणून ती अजून विचारते.

वनिताला मी नवा नियम सांगितला. "गळ्यात कार्ड असल्याशिवाय कोणाला चार्ज द्यायचा नाही. मी असले तरी."

"तुमी असल्या तरी?"

"मी असले तरी."

त्यानंतर मी दारात आले की वनिता आधी माझ्या गळ्याकडे पाहायची. चेष्टेत नाही, खरंच. आणि कार्ड दिसलं की तिचा चेहरा किंचित पडायचा… हे माझं मन सांगत असेल, पण मी पाहिलं ते लिहिलं.

माणूस दुसऱ्या बाईवर जळतो, जावेवर जळतो, बहिणीवर जळतो. मला बहीण नाही. मी जळत होते ती माझ्याच तोंडावळ्याच्या कुणावर तरी, जिला फिरायला घरं नव्हती, तपासायला काही नव्हतं. आई तिच्याबद्दल बोलायला लागली की थांबायची नाही आणि मी बीपीचा पट्टा आवळत एकेक गोष्ट काढून घ्यायचे. ती खुर्चीवर बसत नाही, खाली चटईवर बसते. ती 'माय' म्हणते. (मी कॉलेजात गेल्यापासून आई म्हणते. लहानपणी मायच म्हणत होते.) ती घाई करत नाही. ती आईच्या सुन्न हाताची बोटं एकेक करून चोळते, जसा कापसातला कचरा वेचतात तशी.

"तिले घड्याळच नाई," आई कौतुकानं म्हणाली.

शेवटी मी ठरवलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कार्ड आणि घड्याळ पर्समध्ये ठेवलं, ती पर्स स्कूटीच्या डिक्कीत. धुऊन धुऊन मऊ झालेली हिरवी सुती साडी नेसले. वनिताला म्हटलं, मागे जा, मी आहे. चटई पसरली आणि गुडघ्याला हात देत देत खाली बसले. आईचा सुन्न हात हातात घेतला.

"माय," मी म्हटलं.

आईनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, खूप वेळ. आणि मग तिला जे हसू फुटलं… झटका आल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. अर्धंच तोंड हसत होतं, पण पूर्ण हसत होतं.

"अवं तपासवाली! तू नंदावानी बसून राह्यली काऊन?"

मी तिचा हात सोडला नाही.

"उठ बाई," ती म्हणाली, आता जरा मायेनं. "खाली नोको बसू. गुडघे दुखतीन तुहे."

चेष्टेपेक्षा ती माया जास्त लागली.

पण मी उठले नाही. त्या दिवशी नाही, पुढचे काही दिवसही नाही. रोज दुपारी मी जाऊन चटईवर बसायची. मनात म्हणायची, आता येऊन दाखव. ती आली नाही. आई दाराकडे मान करून पडून राहायची. संध्याकाळ झाली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज न करता. तिनं जेवण टाकलं. वनितानं भरवलेला वरण-भात ओठांवरून परत यायचा.

"आजी, दोन घास खा वं."

"नंदा नाई आली."

"हे काय, ताई बसल्या आहेत नं!"

"ती बसली म्हून तं नाई येत," आई म्हणाली. "तिच्या जागेवर बसते."

बीपी एकशे ऐंशीवर गेलं. मी उठले ते मोठ्या मनानं उठले असं कुणी समजू नये. मी आकडा पाहून उठले.

त्यानंतर मी दुपारी बाहेर ओट्यावर बसायला लागले. दार ओढून घ्यायची, पूर्ण लावायची नाही. वनिता माझ्या शेजारी पालक निवडत बसायची, झाडे काकूंनी दिलेला. पहिल्या दिवशी आत शांतता. दुसऱ्या दिवशीही. मग एका दुपारी वनिताचे हात थांबले.

आत आई बोलत होती. भरभर, हौसेनं, जिनिंगमधल्या कुण्या मुकादमाची नक्कल करत. मध्येच थांबायची, कुणाचं ऐकावं तशी. आणि त्या थांबण्यात एक बारीक आवाज होता. शब्द कळत नव्हते. बाईचा आवाज, मला अनोळखी.

"कोण आहे गं?" मी कुजबुजले. "कोणाचा आवाज आहे हा?"

वनितानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खुळी आहे. "तुमचाच आहे नं ताई."

फोनवर रेकॉर्ड झालेला आपला आवाज आपल्याला कधी आपला वाटतो का? मला नाही वाटत. त्यामुळे मी तेव्हाही शपथेवर सांगू शकले नाही आणि आताही सांगत नाही. दार माझ्या हाताच्या अंतरावर होतं. नुसतं ढकलायचं होतं. दाराची कडी, दिव्याची बाजू विचारणारी मी… दार ढकललं नाही. ढकललं आणि ती निघून गेली तर आई पुन्हा जेवणार नाही, हे मला माहीत होतं. आत दोघी हसल्या. मी उन्हात बसून पालकाच्या काड्या मोडत राहिले.

आई जेवायला लागली. मी संध्याकाळी कार्ड घालून, घड्याळ घालून आत जायची, बीपी घ्यायची. एकशे तीस.

असं बरेच दिवस चाललं. मग उन्हाळा लागता लागता आईला छातीत कफ झाला आणि ती झपाट्यानं उतरली. एका संध्याकाळी मी पट्टा बांधत होते, तर तिनं माझं मनगट धरलं. तपासू दिलं नाही.

"तू बाहीर बसते म्हणे. ओट्यावर."

"कोण म्हणे?"

"नंदा म्हणे. म्हणते, माय, बाहीर बसते ना, तीबी तुहीच लेक आहे. उन्हात बसते, तिले आत घे."

माझ्या हातातला रबरी फुगा तसाच राहिला.

"मंग सांगत काऊन नाई?" आई रागावली. "इतले दिवस तपासून राह्यली, बोलली नाई! नाव काय तुह्यं?"

मी खोटं बोलत नाही. "नंदा," मी म्हटलं.

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. विचार केला. "तिचंबी नंदाच आहे."

"हो."

"एका घरात दोन नंदा? तुह्या बापानं असं कसं केलं?"

मी हसले, रडले, काय केलं आठवत नाही. तिनं पलंगाच्या कडेला थापटलं. बस म्हणून. मी बसले. तिनं मान वळवली, केस पुढे केले. मी वेणी घातली, डाव्या हातानं, मला येते तशी. गाठ मारली. ती हातानं चाचपून म्हणाली, "बरी आहे. तिच्यावानी नाई जमत तुले, पन बरी आहे."

म्हणजे मला लेक म्हणून घेतलं, पण ते त्या दुसरीच्या शिफारशीवर. आणि वरून डावं-उजवंही झालं. नावानं हाक मात्र मारली नाही. दोघींना एकच नाव, मग ते जिचं आधीपासून होतं तिचंच राहणार, नाही का?

त्यानंतर मी रोज पलंगावर बसत होते. संध्याकाळीच. दुपार तिची.

आई गेली ती दुपारीच. डॉक्टरांनी सकाळी येऊन सांगितलं होतं की आता जवळ राहा. मी तर आदल्या रात्रीपासून तिथेच होते. रजा टाकली होती, कार्ड घरी होतं. दुपारी तिचा श्वास घुसमटायला लागला. वाफ देण्याचं औषध संपत आलं होतं. मी वनिताला म्हटलं, घेऊन येते, हलू नको. चौकातल्या दुकानात गेले. औषध घेतलं, परत आले. फाटकात वनिता उभी. तोंडाला पदर लावून रडत होती. मला पाहून तिचं रडणं एकदम थांबलं.

तिनं माझ्या हातातल्या औषधाच्या पिशवीकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे.

"तुमी… आता आल्या?"

मला तेव्हाच कळलं.

तिनं नंतर सांगितलं ते असं. मी जाऊन थोडा वेळ झाला असेल, तोच 'मी' परत आले. वनिताला वाटलं, दुकान बंद असेल. 'मी' चटईवर बसले. आईनं डोळे उघडले, 'नंदे' म्हणाली, स्पष्ट, आणि गेली. 'मी' तिचे डोळे मिटले, केसांवरून हात फिरवला. वनिता झाडे काकूंना बोलवायला बाहेर आली, आणि फाटकात मी उभी, हातात पिशवी.

आत चटई पसरलेली होती. आईजवळ कुणी नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी होती. पाहिलं मी, तेव्हाही पाहिलं.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, वनिता घाबरून काहीबाही सांगत असेल. असेल. कुणी म्हणेल, मीच तिथे होते आणि औषध आणायला गेले ते मला नंतर सुचलं. दुकानदार म्हणतो, तुम्ही आल्या होत्या, सुट्टे नव्हते तुमच्याकडे. कुणी म्हणेल, मरणाऱ्या माणसाला आपली माणसं दिसतात. दिसू देत. पण मग ती वनिताला का दिसली, झाडे काकूंना का दिसली, आणि जिचं तोंड घेऊन ती फिरत होती त्या मलाच एकदाही का दिसली नाही? याचं उत्तर मला मिळालेलं नाही. त्यानंतर ती कुणाला दिसल्याचं ऐकलेलं नाही.

मला फक्त एक हवं होतं, ते मी वर लिहिलंच आहे. आईनं 'नंदे' म्हणून हाक मारली. वनिता शपथेवर सांगते आणि वनिता खोटं बोलत नाही. कोणाला मारली, तेवढं मला कळायला मार्ग नाही.

त्या दुपारी पाहुणे जमायच्या आधी मी आईजवळ बसले. वेणी नव्यानं घातलेली होती, तेल अजून केसांवर ओलं. टोकाला गाठ, उलटी. मी माझे दोन्ही तळहात नाकाशी नेले. औषधाच्या पिशवीचा प्लॅस्टिकचा वास होता. तेलाचा नव्हता. पुन्हा नेले. नव्हता.